‘नंतर’च्या फोटोनंतर काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून वजन उतरवलेल्या माणसांच्या कहाण्या येतात. डावीकडे ‘आधी’चा फोटो, उजवीकडे ‘नंतर’चा, खाली बावीस किलो, अठ्ठावीस किलो असा ठळक आकडा. मी ते पान आवडीनं वाचते. दुकानात काउंटरवर ठेवते, गिऱ्हाइकंही चाळतात. पण उजवीकडच्या फोटोतली बाई दोन वर्षांनी कशी आहे? फोटोतला तो ड्रेस तिला अजून होतो का? तिला पुन्हा गाठून कुणी विचारलंय, असं मला आजवर तुमच्याच काय, कुठल्याच पेपरात वाचायला मिळालेलं नाही.

हे विचारायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी समजते. मी कराडात ब्लाउज शिवते, पंचवीसेक वर्षं होत आली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माझ्या मापवहीत एक पान असतं. उंची, छाती, कंबर, मुंढा, दंड, बाही, पुढचा-मागचा गळा, आणि वर तारीख. नवं माप घेतलं की जुनं खोडायचं नाही, शेजारी लिहायचं, ही माझी पहिल्यापासूनची सवय. त्यामुळे एकेकीची दहा-पंधरा वर्षं एका पानावर असतात. आपलं वजन किती ते मला कुणी सांगत नाही, पण टेपसमोर काही लपतही नाही.

झपाट्यानं उतरलेली बाई आधी येते ती हसत. चार ब्लाउज आत घ्यायला आणते, कुणी कंदी पेढेसुद्धा आणतं. वर्षा-दीड वर्षानं तीच येते तेव्हा पिशवी हळूच काउंटरवर सरकवते आणि म्हणते, “काकू, जरा उसवून द्या.” म्हणून मी आत घेताना जास्तीचं कापड कधी कापत नाही. आत माया राखून टीप मारते. गिऱ्हाइकाला सांगत नाही, तिच्या आनंदावर कशाला पाणी टाका, पण ठेवते.

त्या पानांवर आणखी एक गोष्ट मला बरीच वर्षं दिसत होती, तिचा अर्थ लागत नव्हता. वजन परत येतं तेव्हा ते गेलं होतं तिथं परत येत नाही. कंबर जुन्या मापाला येते, कधी त्याच्याही पुढं इंच-दीड इंच जाते. दंड मात्र जुन्या मापापर्यंत पोचत नाही. वरून बाही ढिली आणि खाली हुक लागत नाहीत, असलं माप बसवताना डोक्याला ताप होतो.

त्याचा उलगडा माझ्या भाचीनं केला. ती आहारशास्त्र शिकली आहे, सुट्टीला आली की दुकानात बसते. ती म्हणाली, मावशी, भराभर वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येताना चरबी पुढं धावते, स्नायू मागं राहतात. हे पहिल्यांदा नीट तपासलं गेलं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, अमेरिकेत मिनेसोटाला. अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुण घेतले, लष्करात न जाता स्वतःहून प्रयोगाला आलेले. त्यांना 24 आठवडे रोज साधारण दीड हजार कॅलरींवर ठेवलं, वर चालायला लावलं. वजन चौथ्या हिश्शानं घटलं. त्यासोबत ही माणसं चिडचिडी झाली, थंडीनं कुडकुडायला लागली, दिवसरात्र खाण्याचंच बोलू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. प्रयोग संपल्यावर खाणं मोकळं झालं तेव्हा कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना, आणि अंगावर आधी चढली ती चरबीच, पूर्वीपेक्षा जास्त.

संपादक महाराज, दीड हजार कॅलरी म्हणजे आज बायकांना सर्रास देतात त्या आहारतक्त्यापेक्षा बरंच जास्त आहे. आणि ते पुस्तकं जमवणारे तरुण ऐकून मला माझी एक गिऱ्हाईक आठवली. ती स्वतः काकडी खाऊन झोपायची आणि रात्री बारापर्यंत मोबाइलवर केक करण्याचे व्हिडिओ बघायची. घरातले तिला हसायचे. मीही हसले असते, भाचीनं सांगितलं नसतं तर.

आता माझं स्वतःचं. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन 81 किलो होतं. गुडघे बोलायला लागले होते आणि तीन महिन्यांची साखर 6.3 आली. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबऱ्याशी. दीडेक वर्षात हळूहळू 64 वर आले. चारेक वर्षं झाली, तिथंच आहे. लग्नसराईत दोन किलो वर, श्रावणात पुन्हा खाली. साखर आता 5.6 असते. कंबर साडेअडतीस इंचांवरून तेहतीसवर. उतरवण्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. 2018 च्या सुमारास तर आपल्या राज्यात घरोघरी हाच वाद होता. एकीकडं दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवण आटपा सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दुसरीकडं दर दोन तासांनी थोडं थोडं खा सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर. माझ्या दुकानात यावरून दोन जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. मला त्या वादात पडायचं नाही. ज्याला जे मानवलं त्यानं त्यानं उतरवावं. माझा प्रश्न पुढच्या बुधवारचा आहे. वजन उतरलं, अभिनंदन झालं, पुढच्या बुधवारी सकाळी तुम्ही काय खाणार?

कारण शरीर स्वस्थ बसत नाही, हेच कुणी सांगत नाही. अमेरिकेत वजन उतरवण्याची टीव्हीवर स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या 14 जणांना केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. 2016 मध्ये ते छापून आलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी 58 किलो घालवले होते, त्यातले 41 परत आले होते. शिवाय नुसतं पडून असताना त्यांचं शरीर त्यांच्या वजनाच्या मानानं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं, आणि तेही सहा वर्षांनी! मेलबर्नला 2011 साली असंच आणखी एक बघितलं होतं. दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्यांच्या रक्तात भूक वाढवणारी आणि भूक शमवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही मूळ पातळीवर आलेली नव्हती. त्यांना भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती.

हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. चौसष्टवर आल्यावर संध्याकाळी पाच वाजता मला जी भूक लागायची ती मी आधी ऐंशी किलोची असताना लागत नसे. शेजारीण म्हणायची, “तुमचा जिभेवर ताबा नाही.” ताबा होता, म्हणून तर सतरा किलो उतरले! ती भूक खरी होती. तिला मग मी रोजची जागा करून दिली. पाच वाजता मुठभर फुटाणे, नाहीतर उकडलेलं अंडं, आणि पेलाभर ताक. गिऱ्हाईक समोर असलं तरी खाते. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

बाकी माझ्या खाण्यात नवलाचं काही नाही. भाकरी मी कधीच सोडली नाही. आमच्याकडं शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. ते बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर आठवड्याच्या आत घरात दोन स्वयंपाक सुरू झाले असते आणि महिन्यात मी कंटाळून सोडलं असतं. कूट आहे, चमच्यानं मोजून आहे. मटकीची, हुलग्याची उसळ आधी ताटात कोपऱ्यात असायची, ती आता मधे आली आणि भात कोपऱ्यात गेला. आमच्या ह्यांना हे कळायला महिना लागला, आणि कळलं तेव्हा तेही तसंच जेवत होते.

मुख्य फरक हालचालीत पडला. शिवणाचा धंदा म्हणजे दिवसभर बैठक. पहाटे प्रीतिसंगमावर चालायला जाते, तिथं निम्मं कराड भेटतं. रविवारी जमलं तर आगाशिवचा डोंगर. दुकानात कापडकाप उभ्यानं करायचा म्हणून सुताराकडून टेबल उंच करून घेतलं. आणि भाचीच्या धाकानं तीन-तीन किलोचे डंबेल्स. सुरुवातीला लाज वाटली, पन्नाशीच्या बाईनं हे काय. पण स्वतःच्या दंडाचं माप मी स्वतः घेते, ते घटलं नाही पाहिजे असं मनाशी ठरवलंय. त्या टीव्ही स्पर्धेतल्या लोकांतही ज्यांचं वजन पुष्कळसं टिकलं ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त हालचाल करत होते, असं हॉल यांच्याच गटाला पुढं आढळलं. अमेरिकेत 1994 पासून अशा टिकवणाऱ्यांची एक नोंदवहीच ठेवली आहे. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी राखलेल्यांनाच तीत प्रवेश. दहा हजारांवर नावं आहेत. त्यातले बहुतेक दिवसाला तासभर काहीतरी अंगमेहनत करतात आणि चारातले तिघं आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. अर्थात ही माणसं आपणहून नाव नोंदवायला गेलेली, म्हणजे जिंकलेलीच. ज्यांचं परत आलं ती कशाला जातील?

त्या नोंदवहीतल्या माणसांची अजून एक सवय सांगतात. सुट्टी असो की कामाचा दिवस, बरेच जण एकसारखंच खातात. इथं मात्र मी त्यांना हात जोडते. आमच्याकडं गौरी जेवतात त्या दिवशी सोळा भाज्या होतात. दिवाळीचा फराळ शेजारून येतो तो परत करता येत नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, वास्तुशांतीला ‘डाएट आहे’ म्हटलं की यजमानीण दोनदा आग्रह करते आणि तिसऱ्यांदा रुसते. उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीवरूनच पडली असावी. गौरीला मी जेवते, पुरणपोळी तुपाशी खाते. दुसऱ्या दिवशी मात्र उपाशी राहत नाही, शिक्षा म्हणून दोन तास चालतही नाही. दुसरा दिवस म्हणजे नेहमीचा दिवस, भाकरी आणि उसळ. माझ्या पाहण्यात बायकांचं वजन सणाच्या दिवशी वाढत नाही. सणानंतर ‘आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू’ म्हणत जे पंधरा दिवस जातात, त्यात वाढतं.

माझी खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. लग्नसराईत रात्री एकपर्यंत मशीन चालतं, चालणं बंद, जेवण कधी चार वाजता तर कधी वडापाववर. तेव्हा दोन किलो चढतात. चढू देते. पण दर रविवारी टेप लावते, आणि कंबर चौतीसच्या वर गेली की मग ऑर्डर कितीही असोत, संध्याकाळचं जेवण आठला आणि सकाळी निदान अर्धा तास चालणं, एवढं पाळते. जे वेळापत्रक फक्त जूनच्या रिकाम्या दिवसांत पाळता येतं, त्याचा मला काय उपयोग?

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसले ती. माझ्याकडं एक मुलगी येते, विशीतली. लग्न ठरल्यावर वजन उतरवायला लागली. चांगलं उतरलं, साखरपुड्याला छान दिसली. पण ती थांबली नाही. दर महिन्याला ब्लाउज आत घ्यायला यायची आणि म्हणायची, “अजून तीन किलो.” माझ्या आतल्या टिपा एकमेकींवर चढायला लागल्या. केस गळत होते, भर उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून यायची, आणि एकदा माप घेताना बोलता बोलता म्हणाली की पाळी तीन महिने आली नाही. घरात सगळे कौतुक करत होते! मी तिच्या आईला दुकानात बोलावलं आणि सरळ सांगितलं, मी आता आत घेणार नाही, हिला डॉक्टरकडं न्या. आईला राग आला. नंतर नेलं. फार कमी खाल्ल्यानं पाळी बंद पडते, आणि तशीच राहिली तर हाडं ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं. मुलगी आता सावरते आहे, सावकाश.

आपल्या पुरवणीत ‘इथं थांबा’ असं कुणी लिहीत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, 23 च्या आत हवा. माझ्या उंचीला ते पंचावन्न किलो होतात. म्हणजे चौसष्ट किलोलाही मी तक्त्यात लठ्ठच आहे. कंबरही बायकांची साडेएकतीस इंचांच्या आत हवी, माझी तेहतीस. मी एकसष्टपर्यंत जाऊन बघितलंय. तिथं झोप लागत नव्हती, गिऱ्हाइकांवर ओरडत होते, आणि मन सारखं डब्यांकडं जायचं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी साखर, रक्तदाब, गुडघे सगळं बघून सांगितलं, चौसष्टला राहा आणि ताकद वाढवा. त्या दिवशी मी हे ठरवलं, की तक्ता भिंतीवर राहू दे, मी दुकानात राहते.

तक्त्याचा हिशेब सरळ नाही, हे आपल्या पुण्यातच दिसलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ तरी आतून चरबी जास्त, ही आपल्या लोकांची ठेवण. नुसत्या किलोच्या आकड्यावर आनंदी किंवा दुःखी व्हायचं कारण नाही, हे सांगायला यासारखा फोटो नाही. संपादक महाराज, ‘आधी-नंतर’ऐवजी एकदा तो छापा.

भूक कमी करून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडंही मिळू लागली आहेत. गिऱ्हाइकांत आता त्यांची चर्चा असते. डॉक्टरांनी गरज पाहून दिलेल्या औषधाला मी नावं ठेवणार नाही. रक्तदाबाची गोळी घेतोच की आपण. पण त्यातल्याच सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हे किती जणींना आधी सांगितलं जातं? पहिल्या इंजेक्शनाचा खर्च सगळ्या विचारतात. ते थांबल्यावर काय करायचं, हे विचारणारी मला अजून भेटायची आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. गेल्या चार-पाच वर्षांत ज्यांच्या कहाण्या आपण छापल्या, त्यांच्याकडं पुन्हा एकदा माणूस पाठवा. ज्यांचं परत आलं त्यांनाही बोलू द्या, नाव न छापता. ते काय खातात यापेक्षा कधी सुटलं, कशानं सुटलं, घरात काय चाललं होतं, हे विचारा. माझ्या वहीवरून सांगते, बहुतेकींचं कारण जिभेत सापडत नाही. सासू अंथरुणाला खिळली, नोकरी गेली, दुसरं बाळ झालं, दुकानाचं भाडं वाढलं, असलंच काही निघतं. आणि नव्वद दिवसांत अमुक किलो अशी जाहिरात घेताना, त्या लोकांचं वजन वर्षभरानं किती होतं तो आकडाही मागा. त्यांनी दिला नाही तर जागा रिकामी सोडा, वाचक काय ते समजतील.

पत्र लांबलंय. हवं तिथं कापा, कापणं हा माझाही धंदा आहे. नाव मात्र छापू नका. यातल्या दोघी-तिघी स्वतःला ओळखतील आणि पुढचा ब्लाउज दुसरीकडं टाकतील. आपला कुणी बातमीदार येणार असेल तर गिऱ्हाइकांची नावं झाकून मापवही दाखवायला मी तयार आहे. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, त्या वेळात यावं. एप्रिल-मे सोडून.

आपली,
ब्लाउज शिवणारी एक वाचक,
कराड